गोणपाटावरचा मोर्चा

मुलाने घरात चालायचं यंत्र आणलं. ट्रेडमिल. दादरच्या आमच्या फ्लॅटमध्ये आधीच माणसांना वळायला जागा नाही, त्यात हा रेडा हॉलच्या मधोमध आणून बांधला. मी दोन दिवस त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. गुडघे माझे आहेत, ऐंशी वर्षं मी ते वापरलेत, त्यांचं काय करायचं ते मी बघेन. पण नातू चिवट. कुणावर गेलाय, असं आमच्या घरात कुणी विचारत नाही. सगळ्यांना माहीत आहे.

"आजी, आधी पट्ट्यावर पाय नाही ठेवायचा, कडेला उभी राहा. हा लाल दोरा कमरेला अडकव, म्हणजे घसरलीस तर मशीन बंद पडेल. पहिली पाच मिनिटं अगदी हळू."

"मला शिकवू नकोस."

"आणि चालताना बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागली की समजायचं, वेग जास्त झाला. बोल बघू काहीतरी."

आता सकाळी सकाळी यंत्रावर उभं राहून माणूस काय बोलणार? पण माझ्या तोंडून आपोआप निघालं, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" पूर्ण. एका दमात. तेही चांगल्या खणखणीत आवाजात.

नातू बघतच राहिला. "हे काय?"

"काही नाही. तवा तापलाय का ते बघत होते," मी म्हटलं, आणि मला असं हसू फुटलं की दांडा धरून यंत्र बंद करायची वेळ आली. त्याला वाटलं म्हातारी कामातून गेली. म्हणून हे लिहायला बसले. तवा कुठला आणि तो घोषणेवरून कसा तापतो, हे त्याला एकदा कळू दे.

आम्ही तेव्हा लालबागला राहायचो. चाळीचा दुसरा मजला, एक खोली, बाहेर सगळ्यांची मिळून एक लांब गॅलरी. वडील गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, पहिल्या पाळीला. माणसं आम्ही मालवणकडची, त्यामुळे घरात मालवणी. मी शाळेत शुद्ध बोलायची आणि तशीच घरात शिरले की आई म्हणायची, "ती भाषा भायर चपलांवांगडा काढून ठेव." चपलांवांगडा, म्हणजे चपलांबरोबर. मी चौदा वर्षांची होते आणि जगाला शिकवण्यासाठीच आपला जन्म झाला आहे, असा माझा ठाम समज होता. तो अजून गेलेला नाही.

आई जाड होती. अंगाने भरलेली वगैरे गोडगोड मी म्हणणार नाही, तिला स्वतःलाच ते आवडलं नसतं. कुणी काही बोललं तर ती म्हणायची, "माका काय माडार चढूचा हा?" लग्न होऊन मुंबईत आली तेव्हापासून तिची धाव खोलीपासून नळापर्यंत, नळापासून बाजारापर्यंत आणि वर्षातून एकदा गणपतीला. त्यासाठी काही फार दम लागत नाही.

आणि ते दिवस कसले होते म्हणून सांगू! गिरणगावात भिंत म्हणून कोरी राहिली नव्हती. गेरूने, कोळशाने, मिळेल त्याने एकच वाक्य लिहिलेलं. पोरं लपंडावातसुद्धा राज्य घेताना तेच ओरडायची. आमच्या चाळीत तर सवयच लागली होती. कुणी नुसतं "संयुक्त महाराष्ट्र" म्हटलं की ऐकणाऱ्याने हातातलं काम न सोडता "झालाच पाहिजे" म्हणायचं. शिंक आल्यावर 'सत्य आहे' म्हणतात तसं.

एक दिवस चाळीतल्या बायका मोर्चाने शिवाजी पार्कच्या सभेला निघणार होत्या. पहिल्या मजल्यावर, बरोबर आमच्या खोलीखाली, सातारकडची एक काकू राहायची. तोंडाची फटकळ, मनाची बरी. ती जिन्यात आईला म्हणाली, "तुमीबी चला की वो वयनी."

आईने दोनदा विचारलं, "मी?"

आईला तोवर लोकांनी बोलावलं होतं ते पापड लाटायला, कुणाचं मूल सांभाळायला, बाळंतिणीपाशी बसायला. नुसतं 'तू ये, तू आमच्यात पाहिजेस' असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. ती इतकी खूश झाली की वडिलांना सांगून नव्या चपला आणवल्या. परत यायला उशीर होईल म्हणून निघायच्या आधी बांगड्याची कढी आणि भात पोटभर जेवली. खालून हाक आली तशी दोन जिने धावत उतरली. यातली एकेक गोष्ट चुकीची होती, पण ते आम्हाला कुणाला ठाऊक होतं? मी तर शाळेतल्या मुलींबरोबर केव्हाच पुढे गेले होते. जाताना तिच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही, हे मी आज कबूल करते.

परळपर्यंत ती सगळ्यांच्या बरोबरीने ओरडत गेली. पुढे एल्फिन्स्टनचा पूल लागला. त्याचा चढ काही फार मोठा नाही. पण नव्या चपला चावलेल्या, पोटात भात, वर ऊन आणि पहिल्यापासून सुटलेली धूम. अर्ध्या चढावर तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती कठड्याला धरून मटकन खाली बसली. मी पुढे घोषणा देत होते. मागून कुणीतरी सांगत आलं तेव्हा मला कळलं. परत येईपर्यंत बायकांनी तिला पाणी पाजून एका व्हिक्टोरियात चढवलं होतं. घोडा तिच्यापेक्षा ताजातवाना दिसत होता.

आम्ही चाळीत आलो तर अख्खी गॅलरी कठड्यावर. पुढे दोन दिवसांनी ती काकू नळावर म्हणाली, "वयनींचं काय सांगू बाई! गेलं पायदळ, आलं घोडदळ!" सगळा नळ हसला. आईही हसली. मला मात्र असा राग आला की मी काकूची कळशी लाथेने कलंडवली आणि मार खाल्ला.

वडिलांनी मोर्चाचं नाव बंद करून टाकलं. रागाने नाही, घाबरून. पण आमच्याकडे घाबरलेला पुरुष रागावल्यासारखाच दिसतो.

मला वाटलं, विषय संपला. मग एका सकाळी आई भांडी घासता घासता थांबली आणि म्हणाली, "चेडवा, माका तो पूल चढूचो हा." डोळ्यांत पाणी होतं. "एकदा. माझ्या पायांनी. मधी बसल्याशिवाय. मगे तुझे बापूस म्हणतीत तर घरात बसतलंय."

झालं! मला तर काय, शिकवायला माणूसच मिळालं. शाळेत आम्हाला कवायतीच्या बाई होत्या. जागच्या जागी पाय उचलायचे, पुढे जायचं नाही, त्याला त्या कदमताल म्हणायच्या. मी म्हटलं, आई, बाहेर जायला नको, कुणाला कळायला नको, आपण खोलीतच चालायचं. वडील सव्वासहाला डबा घेऊन गेले की मी दार लावून घेतलं, आईला मध्ये उभी केली आणि हुकूम सोडला, "धाव! एक-दोन, एक-दोन!"

बिचारी धावली. खालून काकूचा आवाज आला, "वर काय मिरच्या कांडाय लागलाय व्हय? माझ्या पिठात पोपडं पडत्यात!" आई दचकली, तोल गेला, तिने वाळत घालायची दोरी धरली. दोरी, वडिलांचे लेंगे आणि आई सगळेच खाली आले. उठायला गेली तर पोटरीत असा गोळा आला की ती कळवळली. मी रडायला लागले. माझी शिकवणी चार मिनिटं चालली होती.

नाक्यावरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आईची छाती तपासली आणि माझ्याकडे वळले. "आईला तालीम देतेयस की फाशी? काळीज ठणठणीत आहे हिचं. पण अंग गरम न करता धाववतेस? आधी घोटे, मग गुडघे, कंबर, खांदे सगळं सोडवायचं. मग हळू चाल, मग जरा जोरात. शेवटी पुन्हा हळू. एकदम बसायचं नाही. आणि बाई, छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर त्या क्षणी थांबायचं आणि माझ्याकडे यायचं. तिथे हट्ट नाही."

मी मान डोलावली, पण खरं सांगायचं तर मला काही कळलं नव्हतं. अंग गरम करायचं म्हणजे काय? ताप आणायचा? दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता आईच म्हणाली, "घावण्यांचो तवो गो."

"म्हणजे?"

"थंड तव्यार पीठ ओतलंस तर घावणे सुटतले काय?"

"नाही. चिकटतात."

"आणि तापल्या बिडाच्या तव्यार थंड पाणी मारलंस तर?"

"फुटतो."

"मगे? ताच सांगता तो डॉक्टर. तुझ्या शाळेत ह्या शिकवीत नाय?"

शाळेत ते शिकवत होते, मी लक्ष दिलं नव्हतं. पण त्या दिवसापासून आमच्या घरात तो शब्दच झाला. सकाळी दार लावलं की मी विचारायची, "तवो तापलो काय?" आणि आई खिडकीचे गज धरून, एक पाय उचलून घोटा गोल गोल फिरवत म्हणायची, "तापतां, तापतां. घाई करू नको."

हळूहळू सगळं बसत गेलं. दोरी धरायची नाही, गज धरायचे. पदर खोचायचा. पोटात चहा आणि अर्धी भाकरी, त्यावर काही नाही. खालच्या काकूच्या पिठासाठी पायाखाली चौपदरी गोणपाट. नव्या चपला तर आईने बाजूलाच फेकल्या होत्या. अनवाणी तिच्या टाचा भरून यायच्या, म्हणून माझे कवायतीचे पांढरे कॅनव्हासचे बूट तिच्या पायात घालून पाहिले. अगदी मापात! नऊवारी लुगडं आणि त्याखाली खडू लावलेले पांढरेशुभ्र बूट. पहिल्यांदा घातले तेव्हा तिने आरशात पाय दिसत नाहीत म्हणून आरसाच खाली उतरवून जमिनीवर ठेवला.

एक गोष्ट मात्र कुणीच सांगितली नव्हती. कदमतालात माणसाला वाटतं आपण जागेवरच आहोत, पण तो कणाकणाने पुढे सरकत असतो. आई एकदा डोळे मिटून इतकी रंगली की गोणपाट सोडून थेट पाण्याच्या हंड्यावर गेली. हंडा वाचला, गुडघा फुटला. मग मी गोणपाटापुढे खडूची रेघ मारली आणि तिला सांगितलं, पायांकडे बघायचं नाही, डोळे मिटायचे नाहीत, समोरच्या कॅलेंडरवर नजर ठेवायची. कॅलेंडरवर लक्ष्मी होती. आई म्हणायची, "ती बघ, बसून रवली हा कमळार. तिका काय दुखणा नाय."

कंटाळा आला तो माझ्या एक-दोन, एक-दोनला. "ह्या काय? माका शाळेत घातलंस?" म्हणाली, आणि पावलं टाकता टाकता तिने हळूच घोषणा सुरू केली. मुंबईसह. संयुक्त. महाराष्ट्र. एकेका पावलाला एकेक शब्द बसायचा. पण 'झालाच'शी आलं की दम संपायचा. "झा... झा..." आणि पुढे नुसती हवा. मी हसले तर तिने मला फटका मारला. पण त्यातूनच आम्हाला हिशेब सापडला. वेग कमी केला की घोषणा पुरी व्हायची. पुरी झाली तर वेग बरोबर, तुटली तर हळू. रोज बघायचं, आज कुठल्या वेगात पुरी होतेय. नातवाच्या यंत्राला हेच करायला वीज लागते.

दीडेक महिना ती कुजबुजतच म्हणायची, वडिलांच्या कानावर जायला नको म्हणून. आणि मग ती सकाळ आली. तवा छान तापलेला. पाय हलके पडत होते. चांगला वेग होता, आणि तरीही 'पाहिजे'पर्यंत दम पुरला! तिला कळेना काय झालं. तिने पुन्हा म्हटलं, पुन्हा पुरला. तिसऱ्यांदा तिला भानच राहिलं नाही. कुठला दम कुठे साठला होता कोण जाणे, ती आभाळ फाटेलशी ओरडली, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र!"

शेजारच्या खोलीतून भिंतीपलीकडून आलं, "झालाच पाहिजे!" सवयच ती. मग समोरच्या गॅलरीतून, मग खालून, वरून. आणि मग दारं उघडल्याचे आवाज. धडाधडा जिने उतरल्याचे आवाज. मी दार किलकिलं करून बघते तर काय! त्या दिवसांत अवेळी घोषणा ऐकू आली की मोर्चा निघाला असंच माणसं धरून चालायची. चाळीच्या चौकात पंधरा-वीस बायका जमलेल्या. कुणाच्या हातात झेंडा, कुणाच्या हातात कालथा, कुणी केस विंचरता विंचरता अर्ध्या वेणीने आलेली. सगळ्यांच्या पुढे खालची काकू, पदर कमरेला बांधून तयार. "कुठनं निघायचंय वो? कुणी हाळी दिली?"

सगळ्यांच्या माना वर. वर आमच्या दारात आई. घामाने थबथबलेली, लुगडं खोचलेलं, पायांत माझे पांढरे बूट.

"मोर्चो नाय गो," आई म्हणाली. आवाज एवढासा. "तवो तापवीत होतंय."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग कुठल्याशा खोलीतून करपल्याचा वास आला आणि एक बाई किंचाळली, "दूध!" त्या सकाळी आमच्या चाळीत एकाही घरात दूध उरलं नाही. सगळं उतू गेलं. बायका हसत, शिव्या देत, एकमेकींवर आदळत जिने चढल्या.

तेवढ्यात शिपाई आला. निळी अर्धी विजार, पिवळी टोपी. नाक्यावर उभा होता, आवाज ऐकून वर चढला होता. त्या दिवसांत जमावबंदी कधी असायची, कधी नसायची, त्यालाही बहुतेक नक्की माहीत नसावं.

"बाई, आत किती माणसं आहेत?"

"मी, ह्या चेडू आणि चूल," आई म्हणाली. "मोजून घेवा."

त्याने आत डोकावून गोणपाट पाहिलं, खडूची रेघ पाहिली, आईचे बूट पाहिले. मी पुढे होऊन त्याला सगळं समजावून सांगितलं, घोट्यांपासून घोषणेपर्यंत. तो म्हातारपणाकडे झुकलेला माणूस. ऐकून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "आम्ही दहा-दहा तास उभं असतो. टाचा लई दुखत्यात."

"मगे घोटे फिरवा," आई म्हणाली.

त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, गॅलरीचा कठडा धरला आणि एक पाय उचलून घोटा फिरवायला लागला. चौकातून पोरांनी पाहिलं आणि एकच गजर केला, "झालाच पाहिजे!" शिपायाने घाईघाईने पाय खाली ठेवला, टोपी सारखी केली आणि जिना उतरून गेला. जाताना हसत होता, मी पाहिलं.

आता एवढं झाल्यावर लपायचं काय राहिलं? दुपारच्या आत बातमी गिरणीत पोचली. वडील पाळी सुटून घरी आले तेव्हा गॅलरीत चिटपाखरू नव्हतं, पण प्रत्येक दारामागे कान होता. त्यांनी डबा ठेवला. गोणपाटाकडे पाहिलं. रेघेकडे पाहिलं.

"किती दीस चललाहा ह्या?"

"दोन म्हयने होतीत," आई म्हणाली. मी मध्ये बोलायला तोंड उघडलं तर दोघांनीही माझ्याकडे बघितलं.

वडील रेघेपाशी जाऊन उभे राहिले. म्हणाले, "बरा. फुडच्या मोर्चाक चल. मी वांगडा येतलंय. तो पूल एका दमात चढलंस तर चढलंस. मधी एकदाव थांबलंस, तर परत मोर्चाचा नाव काढूचा नाय."

"आणि नाय थांबलंय तर?"

"तर सकाळची चाय मी करतलंय."

"जल्मभर?"

"आठ दीस," वडील म्हणाले. दारांमागून हसण्याची खसखस ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी खालची काकू आपलं गोणपाट बगलेत मारून वर आली. "मलाबी दावा की वयनी, मग माझ्या पिठात पोपडं पडलं तरी माझंच मला." आठवड्याभरात गॅलरीत सहा गोणपाटं झाली. बायका गप्पा मारत घोटे फिरवायच्या, घोषणेवर पावलं टाकायच्या आणि शेवटी तवा निवेपर्यंत हळूहळू चालत एकमेकींच्या सासवांची नालस्ती करायच्या. मी रेघेपलीकडे उभी राहून सगळ्यांच्या चुका काढायची. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस. खोटं कशाला सांगू?

पुढच्या मोर्चाची आई वाट बघत होती. दिवस मोजत होती. आणि एका संध्याकाळी चाळीत बोंब उठली. मुंबई मिळाली! मुंबईसह महाराष्ट्र होणार! माणसं वेड्यासारखी नाचायला लागली, थाळ्या वाजायला लागल्या, कुणीतरी माझ्या तोंडात अख्खा पेढा कोंबला. मी धावत खोलीत आले. आई चुलीपुढे बसली होती, हातात फुंकणी, तोंड एवढंसं.

"आई, झाला! महाराष्ट्र झाला!"

"झालो?" आई म्हणाली. "असो कसो झालो? आताच? इतकी वर्सा नाय झालो तो आताच?" आणि एकदम भडकून, "चार दीस थांबूक काय झाला होता मेल्यांका! माझो पूल ऱ्हवलो मा!"

मी हसून हसून जमिनीवर लोळले. मग पाहते तर ती खरंच रडत होती. आनंदानेही रडत होती आणि पुलासाठीही, दोन्ही एकदमच. तिला तो महाराष्ट्र मनापासून हवा होता. फक्त स्वतः पूल चढून हवा होता.

काकू दारात आली. "वयनी, रडताय काय? परवा मिरवणूक हाय, शिवाजी पार्कला. त्याच वाटंनं."

आईने वडिलांकडे पाहिलं. वडील म्हणाले, "अट ती अट."

मिरवणुकीच्या दिवशी ढोल-ताशेवाले चौकात येऊन उभे, आणि आमच्या चाळीच्या बायका निघायला तयार नाहीत. नळाचा पाइप, जिन्याचा कठडा, मिळेल ते धरून सगळ्या घोटे फिरवत होत्या. ताशेवाला म्हणाला, "चला की आता!" काकू म्हणाली, "थांब मेल्या, तवा तापूंदे." मी आईचे बूट आदल्या दिवशी खडूने रंगवले होते. या वेळी मी पुढे गेले नाही. बरोबर तिच्या मागे चालले, तिच्या टाचांवर नजर ठेवून.

परळपर्यंत ती आरामात गेली. सगळे गुलालाने लाल झालेले, बायका फुगड्या घालतायत, आणि आई आपली लक्ष्मीच्या कॅलेंडरवर असायची तशी नजर समोर ठेवून, एकेक पाऊल मोजून. वडील शेजारी, हात मागे बांधून, पंचासारखे. पूल आला. चढ लागला. मला इतकी भीती वाटत होती की माझाच दम अडकला. अर्ध्या चढावर, जिथे ती बसली होती तिथे ती आली, आणि दम बघायला सवयीने मोठ्याने ओरडली, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!"

अख्खा पूल हसला. "झाला, वहिनी! झाला!"

"झालो ता माका म्हायत हा," आई म्हणाली. "मी माझो दम बघतंय."

आणि नेमकं तेव्हाच वडील दिसेनात. मी मागे वळले. ते चार पावलं मागे कठड्याला टेकून उभे होते, एक हात छातीवर, तोंडाने श्वास घेत. दिवसभर साच्यांपुढे कापसाची धूळ, वर विड्या, आणि आज सकाळी गडबडीत भरपेट जेवण. त्यांनी हाताने खूण केली, तुम्ही जा, पुढे जा.

आई वळली. तिच्यापुढे पुलाचा माथा वीस पावलांवर होता. ती चार पावलं उतरून त्यांच्यापाशी आली आणि त्यांचा हात धरला. "बसू नकात. एकदम बसूचा नाय. कठडो धरा. छातीत दुखता?"

त्यांनी मान हलवली. नुसती धाप होती.

"मगे हळू श्वास घेवा. घाई नाय."

मिरवणूक आमच्या दोन्ही बाजूंनी पुढे निघाली. वरून काकू ओरडली, "वयनी! थांबलासा व्हय?" अट गेली. एवढे महिने, एवढी सकाळ सकाळची मेहनत, गेली. आणि मग माझी नजर आईच्या पायांवर गेली.

पांढरे बूट वर-खाली, वर-खाली होत होते. वडिलांचा हात हातात धरून, पुलाच्या चढावर, माणसांच्या लोंढ्यात आई कदमताल करत होती.

"थांबलंय खंय?" ती काकूला ओरडून म्हणाली. "चलतंय मां!"

वडिलांनी खाली तिच्या पायांकडे पाहिलं. पहिल्यांदा त्यांच्या खांद्यांना हिसका बसला, मला वाटलं उबळ आली. पण ते हसत होते. धापा टाकत, डोळ्यांतून पाणी काढत हसत होते. "नाय," ते वर काकूला सांगायला लागले, एकेक शब्द सुटा, "नाय थांबली. मी... बघतंय. नाय थांबली."

आईने त्यांना श्वास घेऊ दिला. पाय चालूच. मग म्हणाली, "आता म्हणा बघू. पुरता झाला तर चढूया."

वडील सरळ उभे राहिले. "मुंबईसह," ते म्हणाले. "संयुक्त. महाराष्ट्र." तिथे दम संपत आला. 'झालाच पाहिजे' काही त्यांना झेपलं नसतं.

"झालो," ते म्हणाले.

तेवढा दम त्यांच्याकडे होता. दोघं हात धरून पूल चढले, मी त्यांच्या मागून. दुसऱ्या दिवसापासून आठ दिवस सकाळचा चहा वडिलांनी केला. पाणचट होता. आई रोज दोन कप प्यायची.